गिअरबॉक्सविना वीज: गॅस टर्बाइनच्या शाफ्टवर थेट बसणारा हाय-स्पीड जनरेटर कसा आखावा

पुण्यात जनरेटर म्हटलं की डीजी सेटच आठवतो. खडकी, कोथरूड, चिंचवडच्या कारखान्यांनी लावलेली ही सवय आहे: डिझेल इंजिन, मिनिटाला १,५०० फेरे, मागे चार पोलचा अल्टरनेटर आणि थेट ५० हर्ट्झची वीज. गॅस टर्बाइनला ही शिस्त मानवत नाही. चाकाच्या टोकाला सेकंदाला ४००-५०० मीटरचा वेग मिळाला तरच त्याचा कॉम्प्रेसर आणि टर्बाइन धड काम करतात. चाक मोठं असेल तर तेवढा वेग कमी फेऱ्यांत मिळतो. १०० मिमी व्यासाच्या चाकाला मात्र त्यासाठी मिनिटाला ९६,००० फेरे मारावे लागतात.

म्हणूनच शेकडो मेगावॅटची टर्बाइन्स ३,००० फेऱ्यांवर निवांत जनरेटर फिरवतात. स्वित्झर्लंडच्या नॉशातेलमध्ये १९३९ साली ब्राउन बोव्हेरीने सार्वजनिक वीजपुरवठ्यासाठी पहिलं गॅस टर्बाइन बसवलं. ४ मेगावॅटचं ते यंत्रही ३,००० फेऱ्यांचंच होतं. मधल्या आकाराला गिअरबॉक्स लागतो. जीईचं फ्रेम ६बी सुमारे ५,१६३ फेऱ्यांवर चालतं आणि खाली ३,००० वर उतरवलं जातं. अगदी लहान यंत्रांत मात्र गिअरबॉक्सच डोईजड होतो: तेल, आवाज, झीज, पॉवरचा नास. तिथे जनरेटरच टर्बाइनच्या वेगाने फिरवायचा आणि फ्रिक्वेन्सीचं काय ते इलेक्ट्रॉनिक्सने बघायचं. कॅपस्टोनचा ३० किलोवॅटचा संच ९६,००० फेऱ्यांवर आणि टर्बेकचा १०० किलोवॅटचा ७०,००० फेऱ्यांवर चालतो तो असाच.

फायदा एका आकड्यात दिसतो. ३० किलोवॅटसाठी १,५०० फेऱ्यांवर १९१ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, ९६,००० वर जेमतेम ३. यंत्राचा आकार टॉर्कवर ठरतो, किलोवॅटवर नाही. त्यामुळे दोघांनी उचलायचा अल्टरनेटर एका हातात मावतो.

हा मार्ग धरणाऱ्यांसाठी, म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणाऱ्यांपासून भोसरीत स्वतःचा प्रोटोटाइप बांधणाऱ्यांपर्यंत सगळ्यांसाठी, आखणीचा क्रम खाली देतो. उदाहरण एकच ठेवलंय: ३० किलोवॅट, ९६,००० फेरे. माझा आग्रहही एकच आहे. वाइंडिंगपासून सुरुवात करू नका. आपल्याकडे इलेक्ट्रिकलची मुलं आधी पोल, स्लॉट आणि टर्न्स मांडतात आणि रोटर मेकॅनिकलवाल्यांकडे "करून द्या" म्हणून पाठवतात. या वेगाला तो क्रम उलटा आहे.

१. आधी गरज तपासा

लहान टर्बाइनची विजेची कार्यक्षमता बेताचीच असते. ३० किलोवॅटच्या यंत्रात ती साधारण २६ टक्के मिळते, तीही एक्झॉस्टच्या उष्णतेने आत येणारी हवा तापवणारा रिक्युपरेटर लावून. त्याच आकाराचं डिझेल इंजिन सहज ३० टक्क्यांच्या वर जातं. २६ टक्क्यांच्या हिशोबाने ३० किलोवॅटसाठी ११५ किलोवॅटचं इंधन जळतं, म्हणजे तासाला नैसर्गिक वायू १२ घनमीटरच्या आसपास. नुसत्या विजेसाठी हा व्यवहार पुण्यात परवडणं अवघड. लाइट गेल्यावर वापरायचा बॅकअप हवा असेल तर डीजी सेटच घ्या आणि हा लेख इथेच सोडा.

पण एक्झॉस्टमधून पावणेतीनशे अंशांची स्वच्छ, कोरडी हवा बाहेर पडते. तिला गिऱ्हाईक असेल तर चित्र पालटतं: हॉस्पिटलचं गरम पाणी, लॉन्ड्री, डेअरी, पेंट शॉपचा ओव्हन किंवा उष्णतेवर चालून थंडावा देणारा व्हेपर ॲब्सॉर्प्शन चिलर. हे चिलर चिंचवडच्या थरमॅक्सने इतकी वर्षं बनवलेत की त्यासाठी पुण्याबाहेर बघायची गरज नाही. बायोगॅस असेल तरीही विचार करावा, कारण कमी प्रतीचा वायू टर्बाइन पिस्टन इंजिनापेक्षा सहज पचवतं.

२. पुण्याच्या हवेत किती मिळेल, ते काढा

कॅटलॉगमधले ३० किलोवॅट समुद्रसपाटीचे आणि १५ अंशांचे असतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी. तेवढी हवा कमी, तेवढी पॉवर कमी. त्यावर एप्रिल-मेचे ४० अंश. लहान टर्बाइन दर अंशामागे अर्धा ते पाऊण टक्का किंवा थोडी जास्तच पॉवर गमावतं. पंचवीस अंशांचे सतराएक टक्के धरा. दोन्ही मिळून ३० चे २३ उरतात.

त्यातून गॅस बूस्टरचे वजा करा. कंबश्चन चेंबरमध्ये चार-साडेचार पट दाब असतो, त्यात वायू घुसवायला त्याहून जास्त दाब लागतो. एमएनजीएलची (पुण्यात पाइपने गॅस पुरवणारी कंपनी) शहरातली लाइन तुमच्या गेटपाशी कोणत्या दाबाने येते ते लेखी घ्या, गृहीत धरू नका. दाब कमी असेल तर बूस्टर लागेल आणि तो दोनेक किलोवॅट खाईल. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी हातात एकवीस. पुण्यातल्या गिऱ्हाइकाला तीस सांगून विकणारा माणूस पहिल्याच उन्हाळ्यात तोंडावर पडतो.

जनरेटर मात्र उन्हाळ्यासाठी बेतायचा नाही. डिसेंबरच्या पहाटे हेच टर्बाइन २९ पर्यंत जातं, आणि जनरेटरला तेव्हाची पॉवर झेपली पाहिजे. म्हणून यंत्राचं रेटिंग ३० आणि ग्राहकाला वचन २१, असे दोन वेगळे आकडे पहिल्या पानावरच लिहून ठेवा.

३. रोटरचा व्यास आणि लांबी

वेग टर्बाइनने ठरवलाय, त्यात आपल्याला मत नाही. आपल्या हातात आहे तो व्यास. चुंबकं बसवलेल्या रोटरचा पृष्ठवेग सेकंदाला २०० ते २५० मीटरच्या आत ठेवावा. त्यापुढे जाता येतं, पण पहिल्या यंत्रात जाऊ नये. ४० मिमी व्यासाला ९६,००० फेऱ्यांवर २०१ मीटर येतात. ठीक.

लांबीसाठी रोटरच्या पृष्ठभागावरचा स्पर्शरेषेतला विद्युतचुंबकीय ताण धरायचा. चुंबकावर आवळून बसवलेली नळी, म्हणजे स्लीव्ह, जाड असल्याने रोटर आणि स्टेटर (वाइंडिंगचा स्थिर भाग) यांच्यातली गॅप चुंबकीय दृष्टीने मोठी होते, म्हणून १०-२० किलोपास्कलपेक्षा जास्त अपेक्षा करू नये. १५ धरले तर ३ न्यूटन-मीटरसाठी ८० मिमी लांबी पुरते. ४० व्यास, ८० लांबी. इतकंच.

व्यास वाढवून लांबी कमी करायचा मोह होतो. करू नका. हवेचं घर्षण त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतं. आपल्या रोटरला ते दीड-दोनशे वॅट खातं. व्यास दुप्पट केला तर त्याच लांबीला सोळापट.

४. स्लीव्ह: सगळा खेळ इथे आहे

या पायरीला घाई केलीत तर बाकीच्या सगळ्या पायऱ्या वाया जातील.

चुंबकाचा माल निवडणं सोपं आहे. निओडिमियम जास्त ताकदीचं असतं, पण त्याच्या चांगल्या ग्रेडही १८०-२०० अंशांना हात टेकतात. समेरियम-कोबाल्टची २:१७ ग्रेड ३०० अंशांपर्यंत टिकते. टर्बाइन बाजूला आहे आणि रोटरची उष्णता बाहेर काढणं अवघड, म्हणून समेरियम-कोबाल्ट. महाग आहे, ठिसूळ आहे, तरीही तेच.

आता ठिसूळपणाचा हिशोब. ३२ मिमी व्यासाचा भरीव चुंबक आणि त्यावर ४ मिमी जाडीची इन्कोनेल ७१८ (निकेलचा मिश्रधातू) ची स्लीव्ह धरू, म्हणजे बाहेरून ४० मिमी. चुंबकाच्या पृष्ठभागाचा वेग १६१ मीटर. भरीव दंडगोल फिरला की सर्वांत जास्त ताण मध्यावर येतो. घनता ८,३०० धरली तर तो सुमारे ८८ मेगापास्कल निघतो. समेरियम-कोबाल्टची ओढ सहन करायची ताकद ३५-४० च्या घरात. म्हणजे उघडा चुंबक पूर्ण वेगाला पोचायच्या आधीच तुकडे होऊन उडेल.

उपाय एकच: चुंबकाला ओढ लागूच द्यायची नाही. स्लीव्हने त्याला बाहेरून इतकं आवळायचं की पूर्ण वेगातही मध्यावर दाबच शिल्लक राहील. आखणी नेहमी २० टक्के जास्तीच्या वेगाला करायची. ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ८८ चे १२७ होतात. तेवढा संपर्कदाब त्या वेगालाही उरला पाहिजे.

स्लीव्हवर काय येतं ते बघा. १२७ च्या दाबामुळे स्लीव्हच्या घेरात ५०८ मेगापास्कल. स्लीव्ह स्वतः फिरते त्याचे आणखी ३८७. बेरीज ८९५. इन्कोनेल ७१८ एजिंग केल्यावर १,०३० च्या आसपास यील्ड होतं, म्हणजे कायमचं ताणलं जातं. म्हणजे मार्जिन आहे, पण ऐसपैस नाही. ४ ऐवजी ३ मिमी स्लीव्ह घेतली तर पहिला आकडा ६७७ वर जातो आणि बेरीज हद्द ओलांडते. ५ मिमी घेतली तर ताण उतरतो पण गॅप वाढते, चुंबक कमजोर पडतो. जाडीचा निर्णय या दोन टोकांच्या मधे अडकतो, आणि म्हणूनच तो वाइंडिंगच्या आधी घ्यावा लागतो.

एवढं आवळण्यासाठी स्लीव्हचा आतला व्यास चुंबकापेक्षा सुमारे ०.१५ मिमी लहान हवा. स्लीव्ह इन्कोनेलची असल्याने गरम झाल्यावर चुंबकापेक्षा जास्त फुगते आणि पकड सैल होते, तो हिशोब वेगळा जोडा. पातळ नळीचं हे सूत्र पहिल्या अंदाजापुरतं आहे. शेवटचं उत्तर फायनाइट एलिमेंटमधूनच (भागाचे बारीक तुकडे, म्हणजे मेश, पाडून कॉम्प्युटरवर ताण काढायची पद्धत) काढा, आणि ते या आकड्यांच्या आसपास आलं नाही तर आधी तुमच्या मेशवर संशय घ्या.

बसवण्याचं काम बघण्यासारखं असतं. चुंबक तेव्हा मॅग्नेटाइज केलेला नसतो, नुसता राखाडी दगड. तो मायक्रॉनात ग्राइंड करून जिगमध्ये उभा ठेवतात. स्लीव्ह ओव्हनमध्ये ४०० अंशांच्या वर तापवतात, कारण ३२ मिमीवर ०.१५ फुगायलाच ३७० अंशांची वाढ लागते आणि वर सरकवायला थोडी मोकळीक हवी. मग चिमट्याने उचलून एका दमात खाली सोडायची. दोन-तीन सेकंदांत चुंबकाने उष्णता ओढून घेतली की ती जिथे असेल तिथे जाम होते. अर्ध्यात अडकली तर रोटर भंगारात. ठोकून काही होत नाही, ठोकलं की चुंबकाला तडा जातो. जिगला टेपर गाइड आणि खाली पक्का स्टॉप हवाच. पूर्ण गार झाल्यावर बाहेरून फायनल ग्राइंडिंग, आणि सर्वांत शेवटी मॅग्नेटाइज करणं.

कार्बन फायबरची स्लीव्ह हलकी असते, तिच्यात एडी करंटही (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत फिरणारे, तो तापवणारे करंट) जवळपास नसतात. पण ती तापवून फुगत नाही, त्यामुळे टेपर करून प्रेसने बसवावी लागते किंवा आतला भाग द्रव नायट्रोजनमध्ये गार करावा लागतो. शिवाय ती उष्णता अडवून धरते आणि तिच्यातलं रेझिन दीड-पावणेदोनशे अंशांच्या पुढे भरवशाचं नाही. टायटॅनियम हा मधला मार्ग. पहिल्या यंत्राला मी इन्कोनेलच सुचवेन, कारण तिचे आकडे खात्रीचे आहेत आणि तिचं मशीनिंग करणारी दुकानं पिंपरी-चिंचवडमध्ये सापडतात.

५. बेअरिंग, क्रिटिकल स्पीड, बॅलन्सिंग

२० मिमी शाफ्टला ९६,००० फेरे म्हणजे व्यास गुणिले फेरे १९ लाख. ग्रीसचं बॉल बेअरिंग इथे बसत नाही. सिरॅमिक गोळ्यांचं अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंग ऑइल जेटवर चालू शकतं, पण आयुष्य मर्यादित. टर्बोचार्जरसारखं तरंगत्या रिंगचं ऑइल बेअरिंग खात्रीचं, मात्र तेलाची सगळी यंत्रणा मागे लागते. कॅपस्टोनने हवेवर तरंगणारं फॉइल बेअरिंग वापरलं: तेल नाही, पंप नाही. वेग वाढला की शाफ्ट हवेच्या पापुद्र्यावर उचलला जातो. झीज होते ती फक्त चालू-बंद करताना. म्हणून दिवसातून दहा वेळा बंद-चालू होणाऱ्या जागी फॉइल बेअरिंग लावू नये.

पहिला प्रोटोटाइप ऑइल बेअरिंगवर करा. फॉइल बेअरिंगची पातळ पत्री, तिचं कोटिंग आणि हीट ट्रीटमेंट हा स्वतंत्र प्रकल्प आहे. दोन अनोळखी गोष्टी एकाच शाफ्टवर चढवल्या की बिघाड कुणामुळे झाला तेच कळत नाही.

शाफ्टची वाकण्याची क्रिटिकल स्पीड (ज्या वेगाला तो थरथरून वाकू लागतो) चालण्याच्या वेगापासून किमान १५-२० टक्के लांब हवी. जनरेटर, कॉम्प्रेसर आणि टर्बाइन एकाच ताठ शाफ्टवर लावले की शाफ्ट लांब होतो आणि पहिला बेंडिंग मोड नेमका चालण्याच्या वेगाजवळ येऊन बसतो. त्यावर तोडगा म्हणजे जनरेटरचा रोटर वेगळा, त्याची बेअरिंगं वेगळी, आणि मधे बारीक लवचिक शाफ्ट. टॉर्क फक्त ३ न्यूटन-मीटर असल्याने तो बोटापेक्षा बारीक चालतो. चुंबकाचे तुकडे आणि स्लीव्ह मिळून रोटरला ताठपणा किती देतात हा अंदाज बहुतेक वेळा चुकतो, म्हणून रोटर दोरीला टांगून हातोडीने टॅप टेस्ट करा आणि मॉडेल त्या आकड्याला जुळवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

बॅलन्सिंगला जी २.५ ग्रेड (आकडा लहान तितकं काम काटेकोर) धरली तर ९६,००० फेऱ्यांना परवानगीची उत्केंद्रता पाव मायक्रॉन निघते. तीन किलोच्या रोटरला एकूण ०.७५ ग्रॅम-मिमी, म्हणजे २० मिमी त्रिज्येवर ३७ मिलिग्रॅम. एवढ्या अनबॅलन्सनेही पूर्ण वेगाला ७५ न्यूटनचं बल येतं, रोटरच्या स्वतःच्या वजनाच्या अडीचपट. शक्य तर जी १ मागा. प्रत्येक चाक आधी सुटं बॅलन्स करायचं, मग जोडून दोन प्लेनमध्ये. जोडणीवर खुणा करा आणि टाय-बोल्ट टॉर्कवर न आवळता त्याची लांबी किती वाढली ते मोजून आवळा. बॅलन्स केलेला रोटर उघडून पुन्हा जोडला की बॅलन्सिंग पुन्हा.

६. आता स्टेटर

दोन पोल घ्या. ९६,००० फेऱ्यांना फ्रिक्वेन्सी १,६०० हर्ट्झ येते. चार पोल केले तर ३,२००. सोळाशेच पुष्कळ आहेत: ५० च्या ३२ पट. एडी करंटचा लॉस फ्रिक्वेन्सीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे हजारपट. नेहमीच्या मोटरची ०.५ मिमी स्टँपिंग वापरली तर स्टेटर शेगडी होईल. ०.१ मिमीची पत्री घेतली तर हा लॉस पंचवीसने भागला जातो, आणि फ्लक्स डेन्सिटी एक टेस्लाच्या आत ठेवली की उरलेलाही आवाक्यात येतो.

०.१ मिमीची सिलिकॉन स्टील मागवावी लागते. कमीत कमी ऑर्डर किती ते आधी विचारा. भोसरीत वायरकटवाले (तारेवरच्या ठिणगीने धातू कापणारे) गल्लोगल्ली आहेत आणि प्रोटोटाइपसाठी तेच सोयीचं. फक्त वायरकटने कापलेल्या कडांवर पत्र्या एकमेकींना चिकटून शॉर्ट होतात आणि पातळ पत्रीचा सगळा फायदा बुडतो. कापल्यावर ॲसिडने कडा हलक्या एच करून घ्या आणि रिंगभोवती तात्पुरते टर्न्स गुंडाळून लॉस मोजा. वाइंडिंग चढवायच्या आधी मोजा, नंतर उपयोग नाही.

तांब्यात १,६०० हर्ट्झला करंट साधारण १.६५ मिमी खोलीपर्यंतच शिरतो. जाड तार चालत नाही. बारीक, एकमेकींपासून इन्सुलेट केलेल्या आणि पीळ दिलेल्या तारांचा जुडगा लागतो. तपकीर गल्लीत रिवाइंडिंगची तार हवी तेवढी मिळते, पण असा जुडगा, म्हणजे लिट्झ वायर, वेगळा मागवावा लागेल.

७. उष्णता

स्टेटर थंड ठेवणं सोपं: पाण्याचं जॅकेट, किंवा टर्बाइनला जाणारी हवा आधी जनरेटरच्या पंख्यांवरून न्यायची. दुसऱ्यात पंप वाचतो, पण गरम झालेली हवा आत गेल्याने मेमधले एकवीस आणखी घटतात. रोटर अवघड आहे. स्लीव्हमध्ये स्लॉटमुळे आणि करंटच्या हार्मोनिक्समुळे (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले जादा तरंग) एडी करंट फिरतात आणि ती उष्णता बाहेर पडायला पृष्ठभाग तळहाताएवढाच. स्लॉटची तोंडं अरुंद ठेवा, गॅपमधून थोडी हवा जाऊ द्या. रोटरचं तापमान थर्मोकपलने मोजता येत नाही. यंत्र बंद केल्यावर पहिल्या काही सेकंदांचा बॅक ईएमएफ (फिरत्या चुंबकाने वाइंडिंगमध्ये तयार होणारा व्होल्टेज) बघून चुंबक किती तापला ते काढता येतं.

८. इलेक्ट्रॉनिक्स, आणि लोड अचानक सुटला तर

४१५ व्होल्टच्या लाइनचं शिखर ५८७ व्होल्ट असतं, म्हणून डीसी बस (जनरेटर आणि इन्व्हर्टर यांच्यामधली डीसी लाइन) ७००-८०० व्होल्ट ठेवतात. जनरेटरकडून बसवर यायला डायोड ब्रिज स्वस्त, पण त्याच्या करंटमधले हार्मोनिक्स थेट स्लीव्ह तापवतात, आणि टर्बाइन सुरू करायला जनरेटरच मोटर म्हणून फिरवायचा असतो, ते डायोडने होत नाही. कंट्रोल करता येणाऱ्या स्विचचा ॲक्टिव्ह ब्रिजच लागतो. १,६०० हर्ट्झच्या करंटला निदान १६ ते ३२ किलोहर्ट्झ स्विचिंग हवं. १,२०० व्होल्टचे सिलिकॉन कार्बाइड मॉसफेट स्विच इथे शोभतात, आयजीबीटी प्रकारच्या स्विचची दमछाक होते.

धोका पुढे आहे. महावितरणची लाइन ट्रिप झाली, इन्व्हर्टर थांबला, आणि गॅस व्हॉल्व्ह अजून उघडा आहे. रोटर आणि चाकांचं मिळून जडत्व ०.००१ किलो-वर्गमीटर धरू. ३ न्यूटन-मीटरचा मोकळा टॉर्क वेग १० टक्क्यांनी वाढवायला सेकंदाचा फक्त तिसरा हिस्सा घेतो. डीजी सेटचं जड फ्लायव्हील देतं ती उसंत इथे नाही. म्हणून डीसी बसवर ब्रेक रेझिस्टर हवाच: पूर्ण ३० किलोवॅट काही सेकंद पिणारा आणि कंट्रोलरशिवाय, नुसत्या बस व्होल्टेजवर चालू होणारा. गॅस बंद करणारा व्हॉल्व्ह त्याहून स्वतंत्र.

आणखी एक. कायम चुंबकाचं फील्ड बंद करता येत नाही. वाइंडिंगमध्ये शॉर्ट झाला तर रोटर थांबेपर्यंत तो शॉर्ट पोसला जातो. वाइंडिंगचा इंडक्टन्स मुद्दाम थोडा जास्त ठेवला तर शॉर्टचा करंट आवरतो. पॉवर किंचित गमवावी लागते, ती गमवावी.

९. जोडणी आणि चाचणी

मॅग्नेटाइज केलेला रोटर हाताने स्टेटरमध्ये घालायचा नाही. आत शिरता शिरता तो एका बाजूला खेचला जातो आणि बोट मधे सापडतं. दोन्ही टोकांना गाइड असलेलं स्क्रूवरचं फिक्स्चर करा.

पहिली चाचणी फक्त रोटरची, निर्वात खड्ड्यात, १५-२० टक्के जास्त वेगाने. आधी आणि नंतर स्लीव्हचा बाहेरचा व्यास मायक्रॉनमध्ये मोजा, तीन जागी. वाढलेला दिसला तर स्लीव्ह यील्ड झाली आहे, मग रोटर कितीही गुळगुळीत फिरो. पूर्ण वेगाला या रोटर-चाकांत ५० किलोज्यूल ऊर्जा असते, ताशी ३६ किलोमीटरने येणाऱ्या एक टनाच्या गाडीएवढी. पोलादी कवचाशिवाय आणि भिंतीमागे उभं राहिल्याशिवाय फिरवू नका; बघे मंडळींना गेटबाहेर ठेवा.

मग दोन जनरेटर पाठीला पाठ लावून, एक मोटर आणि एक जनरेटर, इलेक्ट्रॉनिक्ससकट पूर्ण लोडला चालवा. टर्बाइन जोडायच्या आधीच लॉस, तापमान आणि ब्रेक रेझिस्टर सगळं तपासून होतं, आणि बाहेरून फक्त लॉसपुरती वीज लागते. गार असताना बॅक ईएमएफ नोंदवा, हीट रननंतर पुन्हा गार करून नोंदवा. कमी झाला असेल तर चुंबक कायमचा उतरलाय.

टर्बाइन जोडल्यावर पहिले स्टार्ट आग न लावता करा: जनरेटरने फिरवायचं, व्हायब्रेशन बघायचं, थांबवायचं. ग्रिडला जोडायचं असेल तर महावितरण आणि विद्युत निरीक्षकांकडचे कागद चाचणीच्या बरोबरीनेच सुरू करा, ते शेवटी ठेवले तर तयार यंत्र शेडमध्ये बसून राहतं.

१०. चालवताना

चाकणच्या धुळीत फिल्टर लवकर चोंदतात. कॅटलॉगमधल्या तासांवर जाऊ नका, फिल्टरवरच्या दाबातल्या फरकावर बदला. पावसाळ्यात इनटेकची जाळी आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या कपाटातला ओलावा बघा.

आणि प्रत्येक वेळी यंत्र बंद करताना पूर्ण वेगापासून थांबेपर्यंत किती सेकंद लागले ते वहीत लिहा. कंट्रोलरमध्ये चार ओळी टाकल्या तर तोच लिहील. हा काळ हळूहळू कमी होत गेला तर बेअरिंग घासतंय किंवा स्लीव्ह कुठे तरी टेकतेय. व्हायब्रेशन सेन्सर ते सांगेल, पण बहुतेक वेळा उशिरा.